अब्बांच्या फियाटचा बोल्ट

यंदाच्या मे महिन्यात आमच्या दारावरून जाणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत होता, "सर, निघाला का?" काय निघाला, हे कुणी बोलत नव्हतं. घनसावंगी तालुक्याचं ठिकाण असलं तरी गाव लहानच. बातमी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका चहात पोचते. उर्दू-मराठी शिकवणारे सर सुट्टीत अब्बांच्या जुन्या गाडीपुढे उकिडवे बसले आहेत आणि एक बोल्ट त्यांना दाद देत नाही, एवढं सगळ्यांना कळलं होतं.

बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्र शिकवलं, पाठ-टाचण शिकवलं. पाना धरायला कुणी शिकवलं नाही. तेव्हा या लेखात आम्ही जे काही सांगू ते उस्तादांकडून ऐकलेलं, आणि त्यातलं बरंचसं चुकल्यावर ऐकलेलं आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

गाडी १९७८ची. कागदावर प्रीमियर पद्मिनी. पण अब्बांपासून दारात येणाऱ्या मोसंबीच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळे तिला फियाटच म्हणत. अब्बांनी ती १९८९ मध्ये औरंगाबादच्या एका डॉक्टरांकडून घेतली. तेव्हा आमची मोसंबीची बाग जोरात होती. मागची सीट काढून क्रेट भरायचे, डिकी भरायची, आणि जालन्याच्या बाजारापर्यंत गाडीत मोसंबीचा असा वास कोंडायचा की उतरल्यावर आमच्या शाळेच्या शर्टालाही तो यायचा. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळल्या, त्यांत आमचीही गेली. अब्बांनी झाडं तोडून सरपण विकलं. गाडी विकली नाही.

याच गाडीवर आमची मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, १९९४ मध्ये ड्रायव्हिंग शिकली. बारावीची परीक्षा झाली होती. या गाडीचा गिअर खाली नसतो, स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो; तो हाताला बसायला आपाला आठवडा लागला आणि गावाच्या पचनी पडायला त्याहून बराच जास्त. मशिदीबाहेर कुणीतरी अब्बांना टोकलं. अब्बा म्हणाले, "तुमच्या घरात रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं तर बोलवा. मी गावात नसलो तर ती घेऊन जाईल." दोनदा तशी वेळ आली आणि दोनदा ती घेऊन गेली. मागच्या सीटवर कंदील धरून आम्ही होतो.

अब्बांचा इंतकाल २०२२च्या थंडीत झाला. तेव्हापासून गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालत.

यंदा रमजान ईदला धाकटा भाऊ पुण्याहून आला आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला घेऊन शेडपाशी उभा राहिला. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. भंगारवाल्याने पत्रा, बीड, ॲल्युमिनियम असं तोंडी तोलून बावीस हजार सांगितले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आपल्या जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत. इथून गेलेली गाडी महिन्याभरात कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असते. धाकटा म्हणाला, "भाईजान, उभ्या उभ्या सडण्यापेक्षा हे बरं." आम्हालाही पटलं. खरं सांगायचं तर आम्ही फारसा विचारच केला नाही. हो म्हणून टाकलं.

संध्याकाळी अम्मीने अंबडला आपाला फोनवर सहज सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग फोन आमच्याकडे मागितला.

"गाडीत माझा हिस्सा किती?" आपाने विचारलं.

आम्ही गडबडलो. गाडीचा कसला हिस्सा?

"अब्बांच्या तरक्यात गाडी आहे की नाही? मग मला कुणी विचारलं?"

हिशेब काही अवघड नव्हता, केला नव्हता इतकंच. मागे मुलं असतील तर विधवेचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. आम्ही दोघे भाऊ आणि आपा. सगळ्याचे चाळीस भाग केले तर अम्मीचे पाच, आम्हा भावांचे प्रत्येकी चौदा, आपाचे सात. बावीस हजारांत तिचे तीन हजार आठशे पन्नास होतात. आम्ही ते फोनवर वाचून दाखवले, आणि वाचताना आपण दुकानदारासारखे बोलतो आहोत असं आमचं आम्हालाच वाटलं.

"बरोबर," आपा म्हणाली. "म्हणजे तुमच्या तिघांचे अठरा हजार एकशे पन्नास. ते मी देते. गाडी मला द्या."

धाकटा हसला. जी गाडी जागची हलत नाही ती अंबडला न्यायची कशी? बोलता बोलता असं ठरलं की सुट्टी संपेपर्यंत गाडी चालू झाली तर आपाची, नाही झाली तर भट्टीत. चालू करण्याची जबाबदारी आमच्यावर, कारण मे महिन्यात मास्तर रिकामा असतो असं सगळ्या जगाला वाटतं. (जमिनीचं बोलणं आमच्यात अजून व्हायचं आहे. तो विषय निघाला की आम्ही दोघे भाऊ अचानक कामात असतो. पण ते या लेखात नको.)

गाडीने सुरुवातीला आम्हाला लाजवलं. टाकी धुतली, नवी बॅटरी टाकली, प्लग साफ केले, आधी हॅन्डल मारून इंजिन हाताने फिरवून पाहिलं. फिरलं. चौथ्या दिवशी ते खोकत खोकत सुरूही झालं आणि अम्मी पदर डोक्यावर घेत ओसरीत आली. पण पाच मिनिटांत पंख्यामागून पाण्याची धार लागली आणि बेअरिंग रडू लागलं. वॉटर पंप गेला होता.

वॉटर पंप का जातो ते आमच्याकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. ज्या पाण्याने चहाच्या पातेल्याला पांढरा थर येतो, तेच बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये गेलं. दुष्काळाच्या वर्षी तर टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नव्हतं. गाडीला जे मिळेल ते. त्या पाण्यातले क्षार आत साचतात, पाण्याची वाट अरुंद करतात आणि धातू खातात. या गाडीच्या इंजिनाचा खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं. अशा दोन धातूंमध्ये खारं पाणी राहिलं की ॲल्युमिनियम आधी झिजतं. आता आम्ही आरओचं पाणी आणि कूलंट घालतो. तेव्हा ही अक्कल कुणालाच नव्हती.

नवा पंप शोधायला मात्र त्रास झाला नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा; त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सीचा जमाना संपला. कुर्ल्याला १९४४ मध्ये उभ्या राहिलेल्या प्रीमियर कंपनीने फियाटशी करार करून ११०० मॉडेल बनवलं, १९६४ मध्ये त्याचीच 'डिलाइट' आली, पुढे १९७४च्या सुमारास तिचं नाव पद्मिनी झालं, आणि इतकी वर्षं मुंबईचे टॅक्सीवाले तीच पळवत राहिले. गाड्या गेल्या तरी त्यांचे सुटे भाग शिल्लक आहेत. उस्तादांच्या ओळखीने एक पंप एसटीच्या पार्सलने आला.

उस्ताद म्हणजे आमच्या गावचे जुने मिस्त्री. वय पंचाहत्तरच्या पुढे. तरुणपणी मुंबईच्या टॅक्सी गॅरेजमध्ये शिकले, मग गावी येऊन दुकान टाकलं. आता दुकानात मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. उस्तादांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यांना त्रास कशाला द्यायचा, एवढं तर आपल्याला जमेल, असा आम्ही विचार केला. इथेच आम्ही घसरलो.

रेडिएटर उतरवला, पट्टा आणि पंखा काढला. पंपाचे बाकीचे बोल्ट कुरकुरत निघाले. सगळ्यात खालचा राहिला, जिथे वर्षभर पाणी ठिबकत होतं तिथला. त्याला आम्ही साधा दुतोंडी १२-१३चा पाना लावला. हलला नाही. मग हापशाच्या पाइपचा दोन फुटी तुकडा पान्यावर चढवला आणि अंगाचा भार टाकला. पाना सुटला, आमची बोटं रेडिएटरच्या चौकटीवर आपटली, आणि बोल्टचं षटकोनी डोकं गोल झालं. हाताला चार टाके पडले.

त्या रात्री उस्ताद स्वतः आले. बोल्टवरून अंगठा फिरवला, डोळ्यांनी पाहिलंही नाही.

"सर, बोल्ट है, शागिर्द नै. डंडे से नै सुनता."

आम्ही वर्गात छडी वापरत नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती.

मग आमची शाळा सुरू झाली. दुतोंडी पाना बोल्टला दोनच बाजूंनी धरतो, उस्ताद म्हणाले, म्हणून जाम बोल्टला तो कधीच लावायचा नाही. रिंग पाना किंवा गोटी पाना लावायचा. त्यातही गोटी सहा कोनी हवी, बारा कोनी नको, कारण सहा कोनी गोटी कोपऱ्यावर न टेकता सपाट अंगावर टेकते. आधी तारेच्या ब्रशने बोल्टचं डोकं आणि भोवतालची जागा घासून काढायची. गोटी पूर्ण आत बसली पाहिजे. मळावर बसलेली गोटी अर्ध्यावरूनच निसटते. आणि पहिला झटका सोडायच्या बाजूला नाही, आवळायच्या बाजूला द्यायचा. केसभर हलला तरी गंजाची पापडी तुटते, मग तो उलटा येतो. हे ऐकून आम्ही चकित झालो. उस्तादांना आमच्या चकित होण्याचं आश्चर्य वाटलं.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना दुसऱ्या दिवशी फोन केला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या आम्हाला फार उपयोगी पडल्या. एक, गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. म्हणजे आट्यांमधल्या फटीत गंज धरला की तो पाचरीसारखा ताणून बसतो. दुसरी, बोल्ट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला साधारण नव्वद टक्के घर्षणातच जातो. निम्मा बोल्टच्या डोक्याखाली, बाकीचा आट्यांत. पकड धरायला उरतो जेमतेम दहावा भाग. म्हणून तेल फक्त आट्यांना पोचून भागत नाही, डोक्याखालीही जायला हवं. बाईंनी हिशेब करून हेही सांगितलं की आठ मिलिमीटर जाडीचा बोल्ट आवळायला एक फूट लांब पान्याच्या टोकाला आठ-नऊ किलो वजन टांगावं इतका जोर पुरतो. आम्ही पाइप लावून त्याच्या दहापट लावला होता. "सर, बोल्ट तुटला नाही हे नशीब," त्या म्हणाल्या. तुटला असता तर उरलेला तुकडा इंजिनात राहिला असता, मग मधोमध ड्रिलने भोक पाडून उलट्या आट्यांच्या हत्याराने काढावा लागला असता, आणि ड्रिल जरा तिरकं गेलं तर मूळ आटेही गेले असते.

उस्तादांनी रॉकेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं मिसळून सुईच्या पिचकारीत भरून दिलं. सकाळ-संध्याकाळ चार थेंब डोक्याच्या कडेला सोडायचे आणि पितळी दांडी ठेवून छोट्या हातोडीने टकटक करायचं. ठोकायचं नाही, टकटक. त्या हादऱ्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत झिरपतं. आमच्या चिरंजीवांनी जालन्याहून डब्ल्यूडी-४०चा स्प्रे आणला. उस्तादांनी तो नाकारला नाही, पण त्याच्यावर फार भिस्तही ठेवली नाही. ते बरोबर होते. १९५३ मध्ये अमेरिकेत ते द्रव्य बनवलं ते पाणी हटवून धातूला गंज लागू नये म्हणून. त्याच्या नावातला चाळीसचा आकडाही चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून. मुरलेला गंज फोडायला खास पातळ तेलं वेगळी मिळतात.

तीन दिवस हे चाललं. सकाळी फज्रनंतर चार थेंब, असरनंतर चार थेंब. गोल झालेल्या डोक्यासाठी उस्तादांनी कानशीने थोडं खरवडून तेराऐवजी बारा नंबरची सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून घट्ट बसवली. एकदा बसली की ती बोल्टसकटच निघणार होती. पण बोल्ट रुसलेलाच. चौथ्या दिवशी उस्ताद पहिल्यांदा गप्प झाले. "इतका गंज तर दिसत नै," ते स्वतःशी बोलले. "कुछ और है."

तो शुक्रवार होता. जुम्म्याच्या नमाजहून परत आलो तर आपा अंबडच्या एसटीने आलेली. बुरखा काढून ती सरळ शेडखाली गेली, आमच्या पट्टी बांधलेल्या बोटांकडे पाहिलं, मग बोल्टकडे.

"हा खालचा का? याला तर अब्बांनी एम-सील लावलंय."

उस्तादांनी मान वर केली.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात आपा तिच्या धाकट्याच्या बाळंतपणासाठी माहेरी होती. आमची बदली तेव्हा परतूर तालुक्यात होती, भाऊ पुण्याला. त्या वर्षीही पंपाच्या याच बोल्टाशेजारून पाणी झिरपत होतं. काही इंजिनांत अशा बोल्टांची भोकं आतल्या पाण्याच्या वाटेत उघडतात, मग आट्यांमधूनच पाणी बाहेर येतं. मेकॅनिकला द्यायला पैसे नव्हते, सांडायला पाणी नव्हतं. अब्बांनी घरी टाकीला लावायला आणलेल्या एम-सीलच्या दोन कांड्या घेतल्या. आपाने त्या कणकेसारख्या मळून दिल्या, अब्बांनी आट्यांना लेप दिला आणि बोल्ट आवळून टाकला. ठिबकणं थांबलं. आणि बारा वर्षं तो बोल्ट कुणी काढलाच नाही.

उस्तादांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने डोक्याखालचा मळ खरवडला. आतून करडी, दगडासारखी कड निघाली. आम्ही तीन दिवस ज्याला तेल पाजत होतो तो गंज नव्हताच, निदान मुख्य अडचण ती नव्हती. तेल गंजात झिरपतं, एम-सीलमध्ये नाही. त्याला आग लागते.

"बिटिया, ये पैले बोलना था," उस्ताद म्हणाले.

"मला विचारलंय कुणी?" आपा म्हणाली. ती उस्तादांना म्हणाली, पण शेडखाली आम्हीही उभे होतो.

आगीची तयारी तासभर चालली आणि यात उस्तादांनी कुणाचीच घाई चालू दिली नाही. तीन दिवस मुरवलेलं तेल आधी फडक्याने निपटून काढलं. बॅटरीची तार सोडली. कार्बोरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी काढून तिचं तोंड बंद केलं, पेट्रोलचा डबा शेडबाहेर घराच्या पलीकडे नेऊन ठेवला. वाळूची बादली आणि ओलं पोतं जवळ ठेवलं. रबरी नळ्यांना ओली फडकी गुंडाळली. मुलांना हाकललं. घरी असं काम करणाऱ्यांनी यातली एकही गोष्ट गाळू नये. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ज्योत पेटवूच नये, गाडी ढकलत गॅरेजला न्यावी.

उस्तादांचा पितळी ब्लो लॅम्प निळा होऊन सुसू लागला. ज्योत आधी पंपाच्या कानावर, मग बोल्टच्या डोक्यावर, पुन्हा कानावर. एका जागी धरायची नाही. मधून मधून आपा बोट पाण्यात बुडवून थेंब टाकून पाहत होती. आधी थेंब नुसता आटला. मग तव्यावरच्यासारखा नाचू लागला. मग जळक्या प्लास्टिकचा वास आला.

"अब," उस्ताद म्हणाले, आणि पाना आमच्या हातात न देता आपाच्या हातात दिला. आमची बोटं बांधलेली होती, कारण कदाचित तेवढंच असेल.

तिने आधी आवळायच्या बाजूला दाबलं. काही नाही. मग उलट. कट्ट असा आवाज आला आणि आमच्या पोटात खड्डा पडला. जाम बोल्ट सुटतानाही असाच आवाज करतो आणि तुटतानाही. उस्तादांनी डोळे मिटले होते. "रुक. थोडा पीछे. अब आगे." तुटलेला बोल्ट एकदम मोकळा फिरतो, हा फिरला तो जड, चिवट, शिऱ्यातल्या चमच्यासारखा. पाव फेरा पुढे, थोडा मागे. पुन्हा पुढे. मगरिबची अजान व्हायच्या आधी तो बोल्ट आपाच्या हातात होता. म्हणजे फडक्यात, कारण तो चटका देत होता. आट्यांत करड्या रेषा भरलेल्या. त्यांत एका जागी बोटाच्या ठशासारखं काहीतरी होतं. अम्मीने चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

बाकीचं काम सरळ गेलं. भोकातले आटे टॅप फिरवून साफ केले, नवीन गॅस्केट, नवीन बोल्ट. आट्यांना उस्तादांनी शेलॅकचा पातळ हात दिला, पाणी अडण्यापुरता, चिकटण्यापुरता नाही. आम्ही पाना घ्यायला गेलो तर म्हणाले, पाइप कुठंय सर? सगळे हसले. रविवारी इंजिन अर्धा तास चाललं आणि पंपाखाली घातलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा राहिला. कागदपत्रं व्हायची असल्यामुळे गाडी रस्त्यावर न नेता आपाने ती आमच्या शेताच्या वाटेवरूनच फिरवली, जिथे पूर्वी बाग होती तिथपर्यंत. अम्मी मागे बसली. गिअर टाकताना आपाचा हात एकदाही चुकला नाही.

कागदांबद्दल सांगायला हवं, कारण पुष्कळ घरांत हे तसंच राहतं. मालक गेल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायची तर आरटीओत फॉर्म ३१ भरायचा, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. ठरलेल्या मुदतीत हे करायचं असतं. आम्ही तीन वर्षं झोपलो होतो, आता दंडासहित करतो आहोत. संमतीच्या कागदावर अम्मीची सही झाली, आमची झाली.

धाकट्याला फोन केला तेव्हा तो आधी खूश झाला. मग जरा थांबून म्हणाला, "भाईजान, चालू पद्मिनीची किंमत काही बावीस हजार राहत नाही." खोटं नव्हतं ते. शौकीन लोक अशा गाडीचे बरेच देतात. ठरलं तेव्हा ती भंगार होती, आता नाही. मग हिस्सा कशावर काढायचा? आम्ही काही बोलण्याआधी आपाने फोन घेतला. म्हणाली, "ये. बसून बोलू. गाडीचं बोलू, आणि बागेच्या जमिनीचंही बोलू, एकदमच."

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला की पुढच्या रविवारी येतो, जालन्यापर्यंत रेल्वेने.

"स्टेशनहून एसटीने ये," आपा म्हणाली. "कागद झाले नाहीत अजून. पुढच्या वेळी मी येते घ्यायला."